बशीच्या पाठीवरचीं अक्षरें



गेल्या दिवाळीच्या आधीं आमच्या यवतमाळच्या घरांत झाडलोट चालली होती. माजघरांतल्या फडताळाच्या वरच्या खणांत एक मोठी पसरट बशी कित्येक वर्षें उभी करून ठेवलेली आहे. तिचा रंग सायीसारखा, कांठाला बारीक निळी वेल, आणि एका अंगाला केसाएवढी चीर. ती धुण्याचें काम माझ्या नातीनें अंगावर घेतलें. धुतां धुतां तिनें ती पालथी केली आणि मला हांक मारली, "आबा, हिच्या पाठीवर इंग्रजी नांव उमटलेलें आहे आणि शेजारीं तीन अक्षरें आहेत. तीं कसलीं हो?"

मीं चौतीस वर्षें मास्तरकी केली. शब्दाच्या पाठीमागचा अर्थ शोधा, असें मी मुलांना नित्य सांगत आलों. पण घरांतल्या बशीची पाठ मात्र मीं साठी उलटेपर्यंत पाहिली नव्हती, हें त्या दिवशीं मला कबूल करावें लागलें.

या बशीची आमच्या घराण्यांत एक कथा आहे. १८७७ सालीं दिल्लीस दरबार भरला, व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें, त्या वेळीं आमचे खापरपणजोबा कचेरींत कारकून होते. त्यांच्या चोख कामावर खूष होऊन साहेबानें ही बशी त्यांना बहाल केली, अशी ती कथा. आजोबांनीं ती वडिलांना सांगितली, वडिलांनीं आल्यागेल्याला सांगितली, आणि मीं तर ती इतिहासाच्या तासाला वर्गांत सांगितली. या कथेला घरांत एकच विरोधक होती, ती म्हणजे माझी आजी. तिचें म्हणणें काय होतें, तें पुढें सांगेन.

त्या तीन अक्षरांचा अर्थ लावण्यासाठीं मला एका इंग्रज कुंभार-घराण्याचा अडीचशें वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तो इतिहास जितका मनोरंजक तितकाच बोधप्रद असल्यामुळें आज तो आपल्यापुढें थोडक्यांत मांडतों.

प्रथम माती पाहूं. कपबशी दिसली कीं आपण तिला सरसकट चिनी मातीची म्हणतों. पण तींत दोन जाती आहेत. खरी चिनी माती, म्हणजे पोर्सेलिन, ही फार कडक आंचेवर भाजलेली असते. तिचा सबंध पिंड काचेसारखा घट्ट होतो. असा पातळ कप दिव्यासमोर धरून मागून बोट फिरवलें, तर बोटाची सांवली दिसते. दुसरी जात साध्या भाजक्या मातीची. ती आपल्या मडक्याचीच सुधारलेली बहीण म्हणावी. तिचा पिंड अपारदर्शक व सच्छिद्र असतो. पाणी मुरूं नये म्हणून तिच्यावर काचेची झिलई चढवितात. जेथें झिलई उडाली असेल तेथें जीभ लावली, तर ती किंचित् चिकटते. लोणच्याची दगडी बरणी ही तिसरी जात. पण तिचा विषय निराळा. आमची बशी दुसऱ्या जातीची. तिच्या पाठीवरचें नांव आहे 'वेजवुड'.

इंग्लंडच्या मध्यभागीं स्टॅफर्डशायर म्हणून परगणा आहे. त्याच्या उत्तर भागांत टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन अशीं सहा गांवें एका ओळींत वसलेलीं आहेत. १९१० सालीं त्यांचें मिळून स्टोक-ऑन-ट्रेंट हें एक शहर झालें. तेथील जमिनींत माती आणि दगडी कोळसा हीं दोन्हीं शेजारीं शेजारीं सांपडतात. जेथें माती आणि जळण एकत्र, तेथें कुंभाराचें चाक फिरावयाचेंच. भांडें लहान असलें तरी भट्टीला कोळसा फार लागतो. म्हणून कोळसा मातीकडे नेण्यापेक्षां मातीच कोळशाकडे आणणें स्वस्त पडे. पुढें डेव्हन आणि कॉर्नवॉल या दूरच्या दक्षिणेकडील परगण्यांतून पांढरी माती येऊं लागली, तरी धंदा हालला नाहीं, याचें कारण हेंच.

या गांवांपैकीं बर्स्लेम येथें वेजवुड घराणें पिढ्यान्‌पिढ्या मडकीं घडवीत होतें. त्या घराण्यांत १७३० सालीं जोसिया हा सर्वांत धाकटा मुलगा जन्मला. तो नऊ वर्षांचा असतांना वडील वारले, आणि शाळा सुटून त्याचे हात मातींत गेले. लहानपणींच त्याला देवी आल्या. तो वांचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. पायानें चाक फिरविणें त्याला जमेना. कुंभाराच्या पोराला चाक न फिरवितां येणें, म्हणजे शेतकऱ्याच्या पोराला नांगर न धरतां येण्यासारखें. पण चाकावरून उठावें लागल्यामुळें त्याचें लक्ष मातीकडे, झिलईकडे आणि आंचेकडे वळलें. पुढें १७६८ सालीं तो पाय कापावा लागला. भूल देण्याचें औषध तेव्हां निघालेलें नव्हतें. त्यानंतर उरलेलीं सव्वीस-सत्तावीस वर्षें त्यानें लांकडी पायावर धंदा केला.

१७५९ सालीं त्यानें बर्स्लेममध्यें आपल्याच नातेवाइकांकडून जागा भाड्यानें घेऊन स्वतंत्र कारखाना काढला. प्रयोगांची एक वही त्यानें ठेविली होती. प्रत्येक मिश्रणाला क्रमांक द्यावयाचा, आणि घटक सांकेतिक आंकड्यांत लिहावयाचे, म्हणजे वही शेजाऱ्याच्या हातीं पडली तरी गुपित फुटूं नये. त्या काळीं श्रीमंत लोक चीनहून आलेलीं भांडीं वापरीत, आणि गरीब लोक जाड, काळपट मातीचीं. मधल्या घरांना परवडेल असें स्वच्छ, हलकें भांडें साध्या मातींतून काढावयाचें, हा जोसियाचा ध्यास होता. पांढऱ्या मातींत भाजून दळलेली गारगोटी मिसळून त्यानें सायीच्या रंगाचें भांडें इतकें सुधारलें, कीं १७६५ सालीं शार्लट राणीनें त्याच्याकडून चहाचीं भांडीं करविलीं. त्यानें लागलीच राणीची परवानगी मिळविली आणि त्या मालाचें नांव ठेविलें 'क्वीन्स वेअर', म्हणजे राणीचीं भांडीं. माल तोच, पण नांव पडतांच प्रत्येक घराला तो हवासा झाला. माणसाच्या मनाची ही पारख जोसियाला मातीच्या पारखीइतकीच होती.

१७६९ सालीं त्यानें एट्रुरिया नांवाचा नवा कारखाना उघडला. त्याच्या कडेनें जाणाऱ्या ट्रेंट आणि मर्सी या कालव्यासाठीं त्यानेंच खटपट केली होती. कारण खडबडीत रस्त्यानें खेंचरांच्या पाठीवरून नेलेल्या मालांत फूट फार होई. १७७४ सालीं रशियाच्या कॅथरीन राणीसाठीं त्यानें ९५२ नगांचा जेवणाचा संच पुरा केला. त्यावर इंग्लंडांतील निरनिराळीं दृश्यें रंगविलीं होतीं, आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक काढला होता. तो संच जेथें जावयाचा त्या राजवाड्याची जागा बेडकांच्या दलदलीची होती, म्हणून हा बेडूक. भट्टींतील उष्णता मोजण्याचें एक साधनही त्यानें काढलें. मातीच्या लहान तुकड्या भट्टींत ठेवावयाच्या, आणि बाहेर काढल्यावर त्या किती आंकसल्या तें पितळी मापावर पाहावयाचें. या कामाबद्दल १७८३ सालीं रॉयल सोसायटीनें त्याला आपला सभासद करून घेतलें. नऊव्या वर्षीं शाळा सुटलेल्या मुलाची ही मजल आहे.

आतां नांवाकडे वळूं. जोसियाच्या आधींचे बहुतेक कुंभार भांड्यावर कसलीही खूण करीत नसत. एकाची मागणी पुरी झाली नाहीं तर तो दुसऱ्याकडून माल घेऊन पेटाऱ्यांत भरी, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसे. जोसियानें धातूच्या ठशानें आपलें आडनांव ओल्या मातींत दाबण्याचा परिपाठ घातला. याचा अर्थ असा, कीं भांडें वांकडें निघालें, झिलई तडकली, तर दोष कोणाच्या माथीं जावयाचा, तें त्यानें स्वतःच लिहून दिलें. ठसा ही जाहिरात खरीच. पण त्याआधीं ती एक जामीनकी आहे. बेंटली नांवाचा त्याचा भागीदार होता. शोभेच्या वस्तूंवर दोघांचीं नांवें जोडून येत. १७८० सालीं बेंटली वारला आणि ती जोड संपली. म्हणून अशी जोडखूण दिसली, तर ती वस्तु १७६९ ते १७८० या अकरा वर्षांच्या आसपासचीच, असें जाणते सांगतात.

खुणा करण्याच्या तीन रीती आहेत, आणि त्या ओळखतां आल्या पाहिजेत. पहिली दाबलेली खूण. ती माती ओली असतांना पडते. बोट फिरविलें तर खळगा लागतो. भाजून झाल्यावर ती नव्यानें उमटवितां येत नाहीं, म्हणून ती सर्वांत विश्वासाची. दुसरी छापलेली खूण. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून ती पातळ कागदावर घेतात, आणि तो कागद भांड्यावर दाबतात. वरून झिलई चढली तर ती खूण काचेखालच्या तसबिरीप्रमाणें सुरक्षित राहते. तिसरी झिलईवर रंगविलेली खूण. ती झिजते, खरडतां येते, आणि लबाडाला मागाहून रंगवितांही येते. त्यामुळें नख लावून जी निघेल, तिच्यावर फारसें विसंबूं नये.

नांवाला किंमत आली कीं नांवाचे चोर येतात. वेजवुड घराण्यांतल्याच राल्फ नांवाच्या आप्तानें 'वेजवुड आणि कंपनी' असा ठसा वापरला. पुढें टन्स्टॉल येथें त्याच आडनांवाच्या दुसऱ्या कारखान्यानेंही तीच शब्दयोजना केली. आडनांव त्यांचें स्वतःचें होतें, त्यामुळें त्यांना चोर म्हणतां येत नाहीं. पण 'आणि कंपनी' हे शब्द दिसले तर तो माल एट्रुरियाचा नव्हे, इतकें पक्कें ध्यानांत ठेवावें. खरी हातचलाखी केली ती स्टॉकटन येथील एका कंपनीनें. तिनें इंग्रजी नांवांत 'जी' या अक्षरापुढें एक जादा 'ई' घातला. उच्चार तोच, दिसावयास जवळजवळ तेंच, आणि कायद्यानें विचारलें तर म्हणावयाचें, आमचें नांव निराळें. १८४८ सालीं न्यायालयानें त्या कंपनीस मनाई केली. माझ्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका मीं तांबड्या शाईनें जन्मभर खुणावल्या. पण एका अक्षराची चूक न्यायालयापर्यंत गेल्याचें हें उदाहरण मला म्हातारपणीं कळलें.

यापुढें खुणांच्या इतिहासांत सरकार शिरतें. १८४२ पासून १८८३ पर्यंत इंग्लंडांत नक्षीची नोंदणी करीत, आणि नोंदलेल्या मालावर चौकटच्या पत्त्यासारखी एक आकृति काढीत. तिच्या कोपऱ्यांतील अक्षरांवरून दिवस, महिना व वर्ष काढतां येतें. परंतु ती तारीख नक्षी नोंदल्याची असते, भांडें घडविल्याची नव्हे. १८८४ पासून या आकृतीच्या जागीं नुसता नोंदणीचा क्रमांक येऊं लागला. मग १८९० सालीं अमेरिकेनें जकातीचा एक कायदा केला. परदेशांतून येणाऱ्या मालावर तो ज्या देशांत झाला त्या देशाचें नांव असलेंच पाहिजे, असें त्यांत होतें. अमेरिकेंत माल खपवावयाचा तर हें करणें भाग होतें, आणि अमेरिकेसाठीं एक ठसा व इतरांसाठीं दुसरा, असा घोळ कोणत्या कारखान्याला परवडणार? म्हणून १८९१ पासून वेजवुडच्या नांवासोबत 'इंग्लंड' हा शब्द येऊं लागला. पुढें विसाव्या शतकांत 'मेड इन इंग्लंड' अशी तीन शब्दांची खूण रूढ झाली. वॉशिंग्टनला केलेल्या कायद्यानें यवतमाळच्या फडताळांतील बशीचें वय ठरावें, ही व्यापाराची करामत आहे.

आतां त्या तीन अक्षरांकडे येऊं. १८६० सालीं वेजवुड कारखान्यानें आपल्या भाजक्या मातीच्या मालासाठीं एक पद्धत सुरू केली. भांड्यावर तीन अक्षरें दाबावयाचीं: पहिलें महिन्याचें, दुसरें घडविणाऱ्या कारागिराचें, तिसरें वर्षाचें. वर्षाची मोजणी 'ओ' या अक्षरापासून सुरू झाली. 'ओ' म्हणजे १८६०, 'पी' म्हणजे १८६१, असें करीत 'झेड'ला १८७१ साल आलें. मग पुन्हा 'ए'पासून, म्हणजे १८७२ पासून, सव्वीस वर्षांचा दुसरा फेरा. तो १८९७ ला संपला. १८९८ ला तिसरा फेरा लागला. १९०७ पासून महिन्याच्या अक्षराच्या जागीं ३ हा आंकडा आला, आणि १९२४ पासून ४ हा आंकडा. १९३० पासून सालाचे शेवटचे दोन आंकडेच सरळ लिहूं लागले.

हें कळल्यावर मी व माझी नात बशी, भिंग आणि पाटी घेऊन बसलों. पाठीवरचीं अक्षरें होतीं 'डब्ल्यू', 'एच', 'बी'. 'डब्ल्यू' म्हणजे ऑगस्ट महिना. 'एच' हा कोणी कारागीर. त्याचें एवढेंच अक्षर आपल्यापर्यंत पोंचलें. 'बी' हें वर्ष. नातीनें पाटीवर तीन सालें मांडलीं: १८७३, १८९९ आणि १९२५. पैकीं १९२५ बाद झालें, कारण तसें असतें तर पहिल्या जागीं अक्षर नसून ४ हा आंकडा असता. उरलीं दोन. १८७३ असेल, तर दरबाराची कथा टिकते. १८९९ असेल, तर ती कोसळते. नातीनें भिंग पुन्हा ठशावर धरलें आणि नांवाच्या खालचा बारीक शब्द एकेक अक्षर लावून वाचला. तो शब्द होता 'इंग्लंड'. म्हणजे १८९१ च्या आधींची ती असूं शकत नाहीं. बशी ऑगस्ट १८९९ ची.

ज्या महिन्यांत स्टॅफर्डशायरमध्यें कोणा 'एच'नें ती माती साच्यावर थापली, त्याच महिन्यांत इकडे वऱ्हाडांत पावसानें ओढ धरली होती, आणि लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात त्याची छाया गांवोगांव पडूं लागली होती. १८७७ चा दरबार तर बावीस वर्षें मागें पडला होता. जी बशी घडलीच नव्हती, ती कोणत्या साहेबानें कोणाला बहाल केली?

आतां माझ्या आजीचें म्हणणें ऐका. ती म्हणे, "ही बशी माझ्या सासूबाईंनीं घेतलेली आहे. एका साहेबाची बदली झाली तेव्हां बंगल्यावर सामानाचा लिलांव झाला. सासूबाईंनीं आपल्या भावाला पाठवून ती चार आण्यांना घेवविली. चीर गेलेली होती म्हणून तिला कोणी हात लावीना. पैसे त्यांचे स्वतःचे, शेवया-पापड करून सांठविलेले." हें ऐकलें कीं आजोबा म्हणत, "तुला काय ठाऊक! तूं तर मागाहून आलीस." मग आजी गप्प बसे आणि कामाला लागे. चिनी मातीचें भांडें त्या काळीं सोवळ्यांत चालत नसे. पणजीला ती बशी स्वयंपाकघरांत नेतां येणारी नव्हती, तींत कांहीं वाढतां येणारें नव्हतें. तरीही तिनें ती घेतली, ती केवळ सुंदर दिसते म्हणून. घरांतील पुरुषमंडळींना एका बाईची ही आवड साठ-सत्तर वर्षें पटली नाहीं. साहेबाची मेहेरबानी मात्र एका वाक्यांत पटली.

येथें मला मास्तराचा कांटेकोरपणा पाळला पाहिजे. ठशानें आजीचें म्हणणें सिद्ध झालें, असें मी म्हणणार नाहीं. ठसा फक्त बोलतो तेवढेंच बोलतो. ही बशी कोणी घडविली आणि केव्हां, हें त्यानें सांगितलें. ती यवतमाळला कशी आली, कोणी विकत घेतली, हें त्याला माहीत नाहीं. पण त्यानें आमची कथा खोटी ठरविली, आणि आजीची कथा मात्र त्याच्या कसोटीला उतरली. एवढ्यावर मी तिचें ऐकावयास हवें होतें. आजीला जाऊन आतां पस्तीस वर्षें झालीं.

या घराण्याची आणखी एक आठवण आपल्या प्रांताशीं निगडित आहे. मूळ जोसिया गुलामांच्या व्यापाराचा कट्टा विरोधक होता. १७८७ सालीं त्यानें बेड्या घातलेल्या, गुडघे टेकलेल्या एका गुलामाची लहानशी पदकाकृति घडवून ती लोकांत वांटली. बायका ती केसांत व कंकणांत मिरवूं लागल्या. त्याच्याच नांवाचा त्याचा खापरपणतू, कर्नल जोसिया वेजवुड, ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता. १९२० च्या डिसेंबरांत नागपूरला काँग्रेसचें जें अधिवेशन भरलें, ज्यांत असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालें, त्यास तो मजूर पक्षाचा स्नेही प्रतिनिधि म्हणून हजर होता. आमच्या घरापासून नागपूर दीडशें किलोमीटरांच्या आंत. त्या दिवसांत आमच्या फडताळांत त्याच्या घराण्याचें नांव पालथें पडून होतें, आणि तें कोणाला ठाऊक नव्हतें. त्याचा मुलगा, तोही जोसियाच, बशीच्याच सालीं म्हणजे १८९९ मध्यें जन्मला. १९३० पासून कारखान्याची सूत्रें त्याच्याकडे होतीं. एट्रुरियाची जमीन कोळशाच्या खाणींमुळें खचूं लागली होती. म्हणून त्याच्या कारकीर्दींत बार्लास्टन या गांवीं विजेच्या भट्ट्यांचा नवा कारखाना उभा राहिला, आणि १९४० सालीं काम तेथें हाललें. तो १९६८ सालीं वारला.

त्यानंतरची हकीकत लौकर सांगून होण्यासारखी आहे. १९८६ सालीं वॉटरफर्ड या आयरिश काच-कंपनीनें वेजवुड विकत घेतली. जानेवारी २००९ मध्यें ती जोडकंपनी कर्जाखालीं बुडाली. कारखान्याच्या संग्रहालयांतील हजारों वस्तु देणेकऱ्यांच्या फेडीसाठीं विकल्या जाण्याची वेळ आली. तेव्हां लोकांनीं व संस्थांनीं मिळून २०१४ सालीं १ कोटी ५७॥ लक्ष पौंड जमविले आणि तो संग्रह राष्ट्रासाठीं राखला. २०१५ सालीं कंपनी फिनलंडच्या फिस्कार्सकडे गेली. घराणें धंद्यांतून गेलें. पण बशीच्या पाठीवर नांव जोसियाचेंच उमटत राहिलें. ज्यानें नांव दाबलें तो गेला, त्याचे वंशज बाजूला झाले, आणि नांव तेवढें विकाऊ वस्तूप्रमाणें हातोहात फिरूं लागलें. जामीनकीचा कागद राहावा आणि जामीन नाहींसा व्हावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून नांवावर न जातां साल पाहावें, असें मी म्हणतों.

आपल्याकडे असें कांहीं झालें नाहीं, असें मात्र समजूं नये. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत जॉर्ज टेरी नांवाचे शिक्षक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्या देखरेखीखालीं झिलईदार भांडीं घडूं लागलीं. सिंधमधील झिलईकामाची परंपरा आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील आकृति यांचा त्यांत मिलाफ होता. पुढें टेरी यांच्या कारखान्याचा माल 'वंडरलँड' या नांवानें निघाला. मुंबईच्या त्या भांड्यांच्या पाठीवरही खूण आढळते. आज तीं परदेशांतील संग्रहांत जपून ठेवलेलीं आहेत.

आणि आपला गांवचा कुंभार? त्याच्या माठाला, रांजणाला ठसा नसतो. याचें कारण त्याला नांवाची चाड नाहीं, असें नव्हे. ठसा लागतो तो करणारा आणि वापरणारा यांची गांठ कधींच पडावयाची नसते तेथें. स्टॅफर्डशायरचा 'एच' आणि यवतमाळची माझी पणजी यांच्यामध्यें समुद्र होता. कुंभार मात्र आपल्याच आळीच्या टोकाला राहतो. माठ घेतांना आपण तो बोटानें वाजवून घेतों. आणि उन्हाळ्यांत तो पाझरला, तर संध्याकाळीं त्याच्या दाराशीं जाऊन उभे राहतों. तेथें त्याचा चेहरा हाच त्याचा ठसा. आतां बाजारांतून चेहरे नाहींसे होत चालले आहेत आणि ठसे तेवढे वाढत आहेत. तेव्हां ठसे वाचतां येणें ही आपल्या घरांतील मुलांची गरज झाली आहे.

ज्यांच्या घरीं अशीं जुनीं भांडीं असतील, त्यांनीं तीं सवडीनें पालथीं करून पाहावींत. नांवाचीं अक्षरें एकेक करून वाचावींत; एखादें जादा आहे काय तें पाहावें. खूण दाबलेली आहे, छापलेली आहे कीं रंगविलेली, हें बोटानें तपासावें. देशाचें नांव असेल तर वस्तु १८९१ च्या अलीकडची असण्याचा फार संभव. नसेल तर मात्र ती आधींचीच असें लगेच ठरवूं नये, कारण लहान वस्तूंवर तें सुटलेलेंही असतें. सिंह आणि मुकुट यांचें राजचिन्ह पाहून भुलूं नये. तें कित्येक कारखाने शोभेसाठीं छापीत. आणि घरांतल्या वृद्ध स्त्रिया त्या वस्तूबद्दल काय सांगतात, तें त्या असतांनाच लिहून ठेवावें. ठसा पुसत नाहीं, आठवण पुसते.

आमची बशी पुन्हा फडताळांत ठेविली आहे. नातीनें सुवाच्य अक्षरांत एक चिठ्ठी लिहून तिच्यामागें लावली: "वेजवुड, एट्रुरिया, ऑगस्ट १८९९. खापरपणजीच्या सासूबाईंनीं लिलांवांत घेतली, असें खापरपणजी सांगत असे." मीं ती चिठ्ठी तपासली. 'असें सांगत असे' हे शब्द तिनें आपण होऊन घातले होते. चौतीस वर्षांत इतकें निर्दोष वाक्य माझ्या तांबड्या शाईखालून फार थोड्या वेळां गेलें असेल. येणाऱ्या-जाणाऱ्यांनीं बशीबद्दल विचारलें, तर आतां मी दरबाराची गोष्ट सांगत नाहीं. ती चिठ्ठी वाचावयास देतों.